किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा चाकू: पोलाद कोणतं बघावं?

सातरस्ता
नमस्कार मंडळी. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवता येईल असा लहान घडीचा चाकू घ्यायचा आहे. मिटल्यावर ६ सेंमीच्या आसपास, वजन ३० ग्रॅमच्या आत. काम असं: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या गठ्ठ्यांची सुतळी आणि प्लास्टिकची पट्टी कापणं, सुताच्या कोनांचे खोके उघडणं, लोंबलेले धागे छाटणं, अधूनमधून एखादा पेरू किंवा लिंबू. बजेट ३००० रुपये.
पोलादाच्या नावांनी डोकं चक्रावलंय. व्हीजी-१०, डी२, ८सीआर१३एमओव्ही, ४२०एचसी, एस३०व्ही. आपल्या सोलापूरच्या हवेत कोणतं चांगलं? धार टिकावी आणि गेली तर घरच्या घरी लावता यावी, एवढंच मागणं आहे.

एमआयडीसी_फिटर
पोलादाच्या नावाआधी धारेमागची जाडी बघा. पोलाद कितीही भारी असलं तरी धारेच्या लगेच मागे पातं पाऊण मिलिमीटर जाड असेल तर पुठ्ठ्यात शिरताना पाचरीसारखं अडकतं. तिथं ०.२ ते ०.३ मिमी जाडी असेल तर साधं पोलादसुद्धा सरसर कापतं. किल्लीच्या चाकूचं पातं ३५ ते ५० मिमीचं. त्यावर हाताचा जोर कमीच येतो, म्हणून पातळपणाला जास्त किंमत.

आता तुमच्या कामांबद्दल. धार सगळ्यात जास्त खातो तो पुठ्ठा. पुनर्वापराच्या कागदात माती आणि बारीक रेतीचे कण असतात, ते धार घासून गोल करतात. सुतळीचंही तसंच, ज्यूटच्या धाग्यात धूळ अडकलेली असते. सूत आणि फळं धारेला जवळजवळ काहीच करत नाहीत. म्हणजे तुम्हाला हवी ती घासली जाण्याला दाद न देणारी धार. पातं तुटू नये याची काळजी दुय्यम, कारण एवढ्या चाकूने कोणी उचकटाउचकटी करू नये.

प्लास्टिक पट्टीबद्दल एक: पांढरी किंवा पिवळी मऊ पीपी पट्टी या चाकूने निघते. हिरवी, चकाकणारी, कडक पीईटी पट्टी याच्या आवाक्यातली नाही, तिला कात्रीच हवी. ताणलेली पट्टी कापताना दुसऱ्या तळव्याने ती गठ्ठ्यावर दाबून धरा आणि जोडाच्या शेजारी कापा, नाहीतर टोक चाबकासारखं उडून डोळ्यावर येतं.

पोलाद_आणि_पाणी
फिटरअण्णांनी पाया घातलाच आहे, मी पोलादाचं सांगतो.

पोलादात कार्बन वाढला की कडकपणा येतो, क्रोमियम वाढलं की गंज आवरतो. पण क्रोमियमचा काही भाग कार्बनशी बांधला जाऊन कठीण कण (कार्बाइड) बनतो. तो भाग गंजाविरुद्ध कामाला येत नाही. डी२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम आणि दीड टक्का कार्बन असतो. आकडा बघून स्टेनलेस वाटतं, प्रत्यक्षात बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेलं, म्हणून डी२ वर ठिपके पडतात.

नेहमीची नावं एकेक करून:

४२०एचसी: कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आत, क्रोमियम १३ च्या आसपास. मऊसर, गंजत नाही, धार पाच मिनिटांत लागते आणि तशीच लवकर जाते. लेदरमन कंपनीच्या मायक्रा या घडीच्या बहुउपयोगी हत्यारात हेच.

व्हिक्टोरिनॉक्सचं (स्विस चाकूवाली कंपनी) पोलाद: कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर (एचआरसी) ५६ च्या जवळ. जातकुळी ४२०एचसीची, फक्त पाणी पाजण्यात (तापवून झटकन थंड करून कडक करण्यात) वर्षानुवर्षं एकसारखेपणा. धारेचं वय मध्यम.

८सीआर१३एमओव्ही: चिनी. कार्बन ०.८ टक्के, क्रोमियम १३. नीट पाणी दिलेलं असेल तर ५८ पर्यंत जातं. स्वस्तात उत्तम, पण कारखान्यागणिक फरक.

१२सी२७ आणि १४सी२८एन: स्वीडनची. कण फार बारीक, त्यामुळे अगदी पातळ धार पेलतात. १४सी२८एनमध्ये थोडा नायट्रोजन घातलेला, गंजाला त्याहून चिवट. छोट्या पात्यासाठी माझी पहिली पसंती हीच, धार चांगली आणि लावायलाही सोपी.

व्हीजी-१०: जपानच्या फुकुई प्रांतातल्या ताकेफू कंपनीचं. कार्बन १ टक्का, क्रोमियम १५, कोबाल्ट दीड टक्का, थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. ५९ ते ६१ पर्यंत कडक. पुठ्ठ्यावर व्हिक्टोरिनॉक्सपेक्षा ठळकपणे जास्त टिकतं.

एस३०व्ही, एम३९०: पावडरपासून बनवलेली. व्हॅनेडियम ४ टक्के. व्हॅनेडियमचे कार्बाइड साध्या धारेच्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण, म्हणून हिऱ्याची पट्टी लागते. २०२१ साली आलेलं मॅग्नाकट गंज आणि चिवटपणा दोन्हीत सरस, पण किल्लीच्या चाकूत क्वचित आणि महाग.

एच-१, एलसी२००एन: यांत कार्बनचं काम बरंचसं नायट्रोजन करतो. समुद्राच्या पाण्यातही गंजत नाहीत. रत्नागिरी-मालवणला विचार करावा असं पोलाद. सोलापूरच्या कोरड्या हवेत त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. इथं गंज हवेमुळे नाही, घामामुळे आणि फळाच्या रसामुळे धरतो. मे महिन्यात खिशातल्या किल्ल्या दिवसभर घामाने ओल्या राहतात, हे लक्षात घ्या.

बाळीवेस
चाकूंची नावं मी सांगतो.

१) व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक एसडी. मिटलेला ५८ मिमी, वजन २१ ग्रॅम. लहान पातं, कात्री, नखाची कानस आणि तिच्या टोकाला छोटा पेचकस, चिमटा, दातकोरणी. पातं फार पातळ, म्हणून कापतं छान. कुलूप नाही, स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. टोक खुपसून ढकलायला गेलात तर बोटावर मिटतं. या चाकूने ओढूनच कापायचं. तुमच्या बजेटमध्ये बसतो.

२) क्लासिकचाच ॲल्युमिनियम मुठीचा अलॉक्स. ६ मिमी जाड, १७ ग्रॅम. चिमटा आणि दातकोरणी जाते. खिशात जाणवतच नाही.

३) स्पायडर्को लेडीबग. मिटलेला ६२ मिमी, पातं ४९ मिमी, वजन १८ ग्रॅमच्या आत. जपानच्या सेकी शहरात बनतो, व्हीजी-१० पातं, पाठीवर कुलूप. एवढ्या वजनात एवढं पोलाद आणि कुलूप दुसऱ्या कोणाकडे मी बघितलेलं नाही. बजेटमध्ये मात्र बसणार नाही. याचाच थोरला भाऊ ड्रॅगनफ्लाय ३४ ग्रॅमचा, तो जुडग्यापेक्षा खिशासाठी.

४) ओपिनेल क्रमांक २. फ्रान्सच्या साव्हॉयमधला, लाकडी मूठ, पातं ३५ मिमी. १२सी२७ किंवा कार्बन पोलाद. त्याची फिरती कडी म्हणजे व्हिरोब्लॉक कुलूप क्रमांक ६ पासून पुढे मिळतं, लहानांत नाही.

५) लेदरमन मायक्रा. कात्री मुख्य, पातं गौण. ५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या मापाबाहेर.

सातरस्ता
खूप आभार. ऑनलाइन एक छोटा चाकू ९०० रुपयांत दिसतोय, "अस्सल डी२, ६२ एचआरसी" लिहिलंय, पात्यावर डमास्कसच्या लाटाही आहेत. घ्यावा का?

पोलाद_आणि_पाणी
एकाच पात्यावर डी२ आणि डमास्कस दोन्ही लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. डमास्कस म्हणजे दोन वेगळी पोलादं थर लावून घडवलेली, डी२ म्हणजे एकच पोलाद. स्वस्त चाकूवरच्या लाटा बहुतेक लेझरने किंवा आम्लाने उमटवलेल्या असतात. बारीक पॉलिश पेपरने कोपरा घासला की त्या जातात. खऱ्या थरांत लाट पुसट होईल, पण आम्लात बुडवताच परत वर येईल, आणि पाठीच्या कडेवरही थरांच्या रेघा दिसतील.

पोलाद खरं डी२ निघालं तरी मी ते या कामासाठी घेणार नाही. डी२ मधले कार्बाइड मोठे असतात. धार खरबरीत, दोर कापायला बरी, पण १५ अंशांच्या पातळ धारेला ते कण पेलत नाहीत आणि धारेवर बारीक टवके उडतात. शिवाय लिंबू कापून पातं तसंच मिटवलं तर दुसऱ्या दिवशी तपकिरी ठिपके.

एमआयडीसी_फिटर
पाणी नीट बसलंय का हे बघायला घरगुती चाचणी आहे. ६ मिमीचा पितळी दांडा पकडीत आडवा धरा. धार लावायच्या कोनातच पातं त्यावर टेकवून हलका दाब द्या. उजेडाकडे बघितलं तर दांड्यावर धार किंचित फुगलेली दिसते. दाब काढल्यावर ती सरळ झाली तर पाणी बरोबर. वाकलेलीच राहिली तर पातं मऊ, टवका उडाला तर जास्त कडक आणि ठिसूळ. दुकानात करायची चाचणी नाही ही, स्वतःच्या चाकूवर करा.

दुकानात बघायचं ते वेगळं. पातं अर्धं उघडून डावी-उजवीकडे हलवा, खडखड नको. मिटवलेल्या पात्याचं टोक मुठीच्या बाहेर डोकावत असेल तर परत द्या, खिसा आणि बोट दोन्ही फाटेल. उजेडासमोर धरून धारेची रेघ दोन्ही बाजूंना सारखी रुंद आहे का बघा. पात्याच्या मुळाशी कोरलेलं कंपनीचं नाव सुबक हवं. नकली स्विस चाकूंत अक्षरं पुसट आणि कात्रीची पाती एकमेकांवर न बसणारी असतात. कात्रीने ओला टिश्यू पेपर कापून बघा. खरी कात्री टोकापर्यंत कापते, नकली चुरगळते.

धोटा
यंत्रमागाच्या बाजूने एक मुद्दा. धागे छाटायचे असतील तर पातं नको, कात्री हवी. लोंबता धागा पात्याने ओढून कापला की टॉवेलचा फासा ओढला जातो आणि पृष्ठभागावर तो केसासारखा वर येतो. कात्री धागा जागच्या जागी तोडते. सातरस्ता दादांच्या यादीतलं निम्मं काम क्लासिकची कात्री करेल.

पण लिंटचं काय? मागाच्या शेडमध्ये कापसाचं पीस उडतं ते खिशात जातं, खिशातून चाकूच्या सांध्यात. तेल सढळ घातलेलं असेल तर पीस आणि तेल मिळून वाकळेसारखा थर बसतो आणि कात्रीची स्प्रिंग परत येईना होते. उपाय सोपा. दर पंधरा दिवसांनी सगळी हत्यारं उघडा, दात घासायच्या जुन्या ब्रशने कोरडंच झाडा, बांबूच्या काडीने खाचेतलं पीस उकरा. महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून आतल्या आत दहा वेळा उघडमीट करा, झटका, फॅनखाली वाळवा. मग सांध्यावर सुईच्या टोकाने एक थेंब तेल. एकच. कंप्रेसरच्या हवेने उडवायचं तर डोळ्यावर चष्मा हवा. आणि आपल्या नळाचं पाणी क्षाराचं आहे, तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग आणि त्याखाली ठिपके. पुसूनच ठेवा.

डाळिंबबाग
सांगोल्याकडून नमस्कार. फळांसाठी चाकू वापरणाऱ्यांना दोन गोष्टी.

कार्बन पोलादाचं ओपिनेल डाळिंबाला लावू नका. सालीतलं टॅनिन लोखंडाशी मिळून निळंकाळं होतं, पातंही काळं आणि दाण्याला लोखंडाची चव. पेरू-चिंचेचंही थोडंफार तसंच. स्टेनलेस घेतलात तर हा प्रश्न नाही.

दुसरं, घरातलं करडईचं तेल सांध्यात घालू नका. आपल्याकडे हाताशी तेच असतं म्हणून लोक घालतात. करडई हे वाळणारं तेल आहे, हवेत ते आटून चिकट पापुद्रा होतो, चाकू उघडेनासा होतो. जवसाचं तर आणखी वाईट. फळ कापणाऱ्या चाकूला मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन घाला. ते वाळत नाही, वास नाही आणि पोटात गेलं तरी थेंबभराने अपाय नाही. शिलाई मशीनचं तेल सांध्याला चालतं, पण पात्यावर लागलं तर पुसल्याशिवाय फळाला लावू नये.

सातरस्ता
धोटा दादा, कात्रीचा मुद्दा पटला. आता धार लावायचं सांगा. चौकात सायकलवर चाक फिरवणारे येतात, त्यांच्याकडे दिलं तर?

एमआयडीसी_फिटर
विळी-कोयत्याला ते ठीक. या चाकूला अजिबात नको. कोरडं चाक आणि दीड मिमीपेक्षा पातळ पातं. दोन-तीन सेकंदांत धारेचं टोक इतकं तापतं की पाजलेलं पाणी उतरतं. निळसर झाक दिसली की तेवढा भाग मऊ झाला, तो घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही. आणि एवढ्या छोट्या पात्यातून मिलिमीटर गेला तर उरलं काय?

घरी असं करा.

सामान: १००० ग्रिटचा (आकडा मोठा तितका दगड बारीक) पाण्याचा दगड, जमल्यास दुसऱ्या बाजूला ३००० चा. धार अगदीच गेली असेल किंवा टवके असतील तर ४०० चा. परमनंट मार्कर, चामड्याचा जुना पट्टा, त्यावर चोळायला हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट. सगळं हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं.

कोन: मोजायला यंत्र नको. पातं दगडावर सपाट ठेवा आणि पाठ उचला. पात्याच्या रुंदीच्या ०.३ पट उचललं की साडेसतरा अंश होतात. १० मिमी रुंद पात्याला ३ मिमी. रुंदीच्या चौथ्या हिश्श्याइतकं उचललं तर साडेचौदा. व्हिक्टोरिनॉक्सला साडेसतरा, व्हीजी-१० ला पंधराच्या आसपास ठेवा. मऊ पोलादाला फार निमुळता कोन दिला की धार दुमडते.

पायऱ्या: दगड दहा मिनिटं पाण्यात. धारेच्या उतारावर मार्कर फिरवा. दोन-तीन हात मारून बघा. शाई फक्त वरच्या कडेला गेली तर पाठ जास्त खाली आहे, फक्त धारेवर गेली तर जास्त वर. पूर्ण उतारावरून एकसारखी गेली की कोन सापडला. आता एकाच बाजूने हलक्या दाबाने घासा, दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराला बर लागेपर्यंत. बर म्हणजे धारेवर उलटून आलेली तारेसारखी कड. ती मुळापासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्येच तुटक असेल तर तिथे धार पोहोचलीच नाही. मग बाजू बदला. नंतर एकेक हात आलटून-पालटून, दाब कमी करत करत दहा-पंधरा वेळा. शेवटी पट्ट्यावर धार मागे ठेवून ओढा, दोन्ही बाजूंनी दहा-दहा.

चुका होतात त्या शेवटच्या टप्प्यात. बर न काढता थांबलं तर चाकू पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखा वाटतो, दुसऱ्या दिवशी बोथट, कारण कापत होती ती बर, धार नव्हे. व्हीजी-१० ची बर हट्टी असते, नुसती इकडून तिकडे उलटते. तिला पाठ किंचित जास्त उचलून, पिसासारख्या दाबाने दोन्ही बाजूंनी दोन-तीन हात मारा आणि मग पट्टा.

आणखी एक अडचण. लहान चाकूत धारेच्या मुळाशी खाच नसते, त्यामुळे मुळाकडचे २-३ मिमी दगडाला लागतच नाहीत आणि वर्षभरात तिथे उंचवटा तयार होतो. तेवढ्या भागासाठी दगडाची कड वापरा किंवा सिरॅमिकची बारीक कांडी. कांडी नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाचं चकाकी नसलेलं खरबरीत वलय. दर आठवड्याला त्यावर चार-पाच हात मारले तर दगड चार महिन्यांतून एकदा पुरतो.

जुनी_मिल
अण्णा, फोनवर सेव्ह केलं. पट्ट्यावर पेस्ट सुकीच चोळायची का?

एमआयडीसी_फिटर
हाय की, सुकीच. वडी असेल तर मेणाच्या खडूसारखी पातळ फासायची. जाड थर बसला तर चामडं दबतं आणि धार गोल होते.

कोर्टरोड
कायद्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय, औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. दीड-दोन इंचांचा किल्लीचा चाकू त्या मापात येत नाही.

पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७(१) वेगळं. त्याखाली शहरात पोलीस आयुक्त आदेश काढू शकतात आणि त्यात सुरे, काठ्या, इजा करू शकणारी कोणतीही वस्तू बाळगायला मनाई करता येते. असे आदेश साधारण १५ दिवसांचे असतात, सणासुदीला निघतात. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, गणेशोत्सव, मिरवणुका अशा गर्दीत चाकू घरी ठेवा. कोर्टाच्या फाटकावर तपासणी असते, तिथेही तो बाहेरच राहणार. विमानाने जाताना केबिनच्या बॅगेत चालत नाही, होटगी रोडवरून निघा नाहीतर पुण्याहून. तो तपासलेल्या सामानातच टाका. किल्ल्यांत विसरला की तिथेच सोडून जावं लागतं.

बटण दाबून उघडणारा चाकू मात्र घेऊच नका. माप लहान असलं तरी तपासणीत तो कामाची वस्तू होती हे पटवणं अवघड जातं.

बाळीवेस
म्हणूनच चाकू थेट मुख्य कडीत घालायचा नाही. मधे एक झटकन सुटणारी छोटी हुकाची कडी ठेवा. फाटकावर, विमानतळावर एका हाताने वेगळा होतो. दुसरा फायदा वापरताना: पाच किल्ल्या लोंबत असताना पात्यावर ताबा राहत नाही, सुटा करून कापा. तिसरं, मोटरसायकलच्या इग्निशनला लटकणारा जुडगा जितका जड तितकं खड्ड्यांतून त्याचं कुलूप झिजतं आणि वरचं प्लास्टिक ओरखडतं. गाडीची किल्ली वेगळी, बाकी जुडगा वेगळा, चाकू त्या दुसऱ्यावर.

सातरस्ता
सगळं वाचून असं ठरवतोय: आता क्लासिक एसडी, कात्रीसाठी. गठ्ठ्यांचं आणि खोक्यांचं काम वाढलं तर पुढे पैसे साठवून व्हीजी-१० लेडीबग. अलॉक्स घ्यावा की प्लास्टिकचा?

धोटा
शेडमध्ये वापरायचा तर अलॉक्स. चिमटा-दातकोरणीच्या खाचा नाहीत, म्हणजे पीस साठायला दोन जागा कमी. हातात कुसळ-काटा नेहमी जात असेल तर साधा घ्या, चिमट्यासाठी.

डाळिंबबाग
शेतात येणार असाल तर चिमटा हवाच. आमच्याकडे बाभळीचा काटा चप्पल फोडून जातो.

पोलाद_आणि_पाणी
कोणताही घेतला तरी कारखान्याची धार उतरेपर्यंत दगडाला हात लावू नका, नुसता पट्टा. आणि पहिल्यांदा दगडावर बसाल तेव्हा स्वयंपाकघरातल्या जुन्या सुरीवर दोनदा कोन पकडायचा सराव करा, मग हा घ्या.

सातरस्ता
साधाच घेतो, शनिवारी नवी पेठेत बघतो. अण्णा, दगड १०००/३००० चा एकत्र घेतला तर ४०० चा वेगळा लागेल का लगेच?

एमआयडीसी_फिटर
लगेच नको. टवका पडेल तेव्हा घ्या.